सेंट हेलेना बेटावरची शाळा : शार्लट फोर्टन यांच्या रोजनिशीचे वाचन

मिशनरी हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. अहमदनगर, पुणे, मुंबई येथील मिशनशाळा, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक, मिस फॅरारबाईंचे अध्यापन या गोष्टी आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात ठिकठिकाणी येतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे तर मिशनच्या आवारातले रोजचे जगणेही आपल्याला बरेच ओळखीचे झाले आहे. मात्र ज्या अमेरिकेतून हे मिशनरी आपल्याकडे आले, त्याच अमेरिकेतले धर्मनिष्ठ तरुण-तरुणी आपल्याच देशाच्या दक्षिण भागातील खेड्यांत, कापसाच्या मळ्यांवर, शिक्षक म्हणून गेले तेव्हा त्यांचा दिवस कसा जात असे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

या दोन प्रवाहांचा संबंध केवळ योगायोगाचा नाही. मुंबईत १८१३ साली ज्याची सुरुवात झाली ते अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेचे होते. या बोर्डाने गुलामगिरीविरुद्ध निःसंदिग्ध भूमिका घेतली नाही, म्हणून असंतुष्ट झालेल्या मंडळींनी १८४६ साली 'अमेरिकन मिशनरी असोसिएशन' ही वेगळी संस्था काढली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर १८६१ सालच्या सप्टेंबरात या संस्थेने व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथे मुक्त झालेल्या गुलामांसाठी काम सुरू केले. आपल्याकडे येणारे मिशन आणि दक्षिणेत जाणारे मिशन हे अशा प्रकारे एकाच घरातले, पण गुलामगिरीच्या प्रश्नावर वेगळे झालेले भाऊबंद होते.

प्रस्तुत लेखात आम्ही दक्षिणेतल्या या कामाचा एकच तुकडा घेत आहोत. तो म्हणजे दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यालगतच्या सेंट हेलेना बेटावर १८६२ ते १८६४ या काळात शिकवणाऱ्या शार्लट फोर्टन यांची रोजनिशी. ही रोजनिशी वाचताना एक गोष्ट आम्हांला वारंवार जाणवते. मिशनरींनी अज्ञानाच्या अंधारात ज्ञानाचा दिवा नेला, ही कथा त्या काळच्या अहवालांनी आणि नियतकालिकांनी लोकप्रिय केली. रोजनिशीतल्या साध्यासुध्या नोंदी मात्र वेगळे सांगतात. शिकण्याची ओढ बेटावर आधीपासूनच होती. कशासाठी शिकायचे, हेही तिथल्या लोकांनी बऱ्याच अंशी ठरवलेले होते. तरुण शिक्षिकेचा दिवस हा त्या मागणीला उत्तर देण्यात जात होता, आणि ते उत्तर नेहमी पुरे पडत होते असेही नाही.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. तोफांचा आवाज ऐकून बेटांवरचे गोरे मळेवाले घरेदारे टाकून मुख्य भूमीवर पळाले. मागे राहिले ते सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष. ते कायद्याने अजून मुक्त नव्हते आणि त्यांच्यावर मालकही उरला नव्हता. शेतात जगातला उत्तम समजला जाणारा लांब धाग्याचा कापूस उभा होता. वॉशिंग्टनमधल्या अर्थखात्याला तो कापूस हवा होता, आणि बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया येथील गुलामगिरीविरोधकांना जगापुढे सिद्ध करायचे होते की, हे लोक चाबकाविना काम करतात, शिकतात आणि नागरिक होऊ शकतात. म्हणून १८६२ सालच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कहून एक बोट निघाली. तिच्यावर शिक्षक, देखरेख करणारे, धर्मोपदेशक अशी त्रेपन्न माणसे होती. त्यांत बारा स्त्रिया होत्या. सैनिकांनी त्यांची थट्टा करीत त्यांना बायबलमधल्या गिदोनाच्या टोळीचे नाव दिले, आणि या मंडळींनीही ते नाव अभिमानाने लावून घेतले.

एप्रिलमध्ये लॉरा टाउन आल्या. वय छत्तीस, होमिओपॅथीचे शिक्षण घेतलेल्या, स्वभावाने करारी. जूनमध्ये त्यांच्या मैत्रीण एलन मरे आल्या आणि दोघींनी 'ओक्स' या मळ्यावरच्या घराच्या मागच्या खोलीत शाळा सुरू केली. सप्टेंबरमध्ये जागा अपुरी पडू लागली, तेव्हा शाळा जवळच्या विटांच्या चर्चमध्ये हलली. हे चर्च १८५५ साली गुलामांच्या श्रमांतून उभे राहिले होते. ते बांधणाऱ्यांनाच तिथे अक्षरे शिकता यावीत ही घटना मोठी होती, कारण दक्षिण कॅरोलायनात गुलामांना लिहायला शिकवणे १७४० सालीच गुन्हा ठरले होते आणि १८३४ च्या कायद्याने वाचायला शिकवण्यावरही बंदी आली होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस फोर्टन या शाळेत रुजू झाल्या. त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि स्वतः कृष्णवर्णीय होत्या. पण बेटावरच्या लोकांत आणि त्यांच्यात फार मोठे अंतर होते. त्यांचे आजोबा जेम्स फोर्टन हे फिलाडेल्फियातील जहाजांची शिडे तयार करणारे श्रीमंत कारखानदार आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचे आधारस्तंभ. घरी विद्वानांची ये-जा. सेलम येथील अध्यापक विद्यालयातून १८५६ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. इंग्रजी काव्याचा त्यांचा व्यासंग होता, कवी व्हिटियर यांच्याशी स्नेह होता. तरीही बोस्टनच्या समितीकडे अर्ज केल्यावर तिने दाद दिली नाही. अखेर फिलाडेल्फियाच्या समितीने त्यांना पाठवले. मार्गात आणि उतरल्यावर भेटलेल्या सैन्याधिकाऱ्यांचे तोंडभरून शिव्या देणे, पीतज्वराच्या आणि शत्रूच्या हल्ल्याच्या गोष्टी सांगून नव्या शिक्षिकांना घाबरवणे, हे सारे त्यांनी रोजनिशीत टिपले आहे. ज्यांच्या संरक्षणाखाली काम करायचे तेच आपल्या वंशाविषयी काय बोलतात, हे पहिल्याच संध्याकाळी कानांवर पडले. लगेच पुढची नोंद मात्र मावळतीच्या उजेडात बेटाकडे होडी वल्हवत नेणाऱ्या माणसांच्या गाण्याची आहे. रोजनिशीचा पुढचा सगळा सूर या दोन नोंदींत सापडतो.

आता रोजच्या जगण्याकडे वळू. फोर्टन यांचा मुक्काम ओकलँड्स या मळ्यावर होता. सोबत जॉन हन हे वयस्क क्वेकर गृहस्थ आणि त्यांची मुलगी लिझी. पळून जाणाऱ्या गुलामांना उत्तरेकडे पोहोचवण्याच्या गुप्त कार्यात भाग घेतल्याबद्दल हन यांनी पूर्वी जबर दंड सोसला होता. मळेवाल्याचे घर आता पडके झाले होते. सामान म्हणजे काही कपाटे, लहान मेजे आणि दोन खुर्च्या, त्यांतल्याही एकीची पाठ मोडलेली. रात्री पिसवा आणि डास झोपू देत नसत. शाळा सुमारे मैलभर दूर. जुनाट गाडीतून, कधी पायी, पाईनच्या रानातून आणि ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या शेवाळाखालून हा रस्ता जाई. त्या वाटेच्या सौंदर्याविषयी फोर्टन यांनी पुष्कळ लिहिले आहे. ओझी वाहणारा रस्ता आणि निसर्गवर्णनाचा रस्ता एकच होता, एवढे येथे लक्षात ठेवावे.

चर्चमध्ये वर्गांना भिंती नव्हत्या. एकाच दालनात दोन-तीन शिक्षिका आपापला गट घेऊन बसत आणि एका गटाची बाराखडी दुसऱ्या गटाच्या वाचनात मिसळून जाई. पहिल्या दिवसाची नोंद थकव्याची आहे. मुले फार लहान आणि चुळबुळी. कित्येक इतकी तान्ही की, अक्षरओळखीचा प्रश्नच नव्हता. मोठी भावंडे त्यांना कडेवर घेऊन येत, कारण आईबाप शेतात असत आणि लहानग्याला सांभाळण्याच्या कामामुळे शाळा चुकवण्याची या मुलांची तयारी नव्हती. आमच्या मते या एका तपशिलात त्या शाळेचे मर्म आहे. कोणत्याही अहवालात 'उपस्थिती' म्हणून जो आकडा जाई, त्यामागे घरातल्या कामाची आणि शिकण्याची घातलेली अशी सांगड होती. आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळांच्या हकिकती वाचलेल्या वाचकांना ही अडचण अपरिचित वाटणार नाही.

प्रौढही येत. शेतातले काम नेमून दिलेल्या तुकड्याच्या हिशोबाने चाले. गुलामगिरीच्या काळापासून या बेटांवर पाव एकरचा एक 'टास्क' धरण्याची रीत होती. तो उरकला की उरलेला वेळ आपला. तो वेळ लोक आता पुस्तकाला देऊ लागले. ओकलँड्सवरचा हॅरी नावाचा मुकादम दिवसभराचे काम आटोपून रात्री फोर्टन यांच्याजवळ वाचायला बसे. मुलांना गोळा करणारी शाळेची दुपार आणि प्रौढांची ही रात्र यांच्या मधल्या वेळात हन यांच्या दुकानात हात द्यावा लागे. कापड, मीठ, भांडी घेण्यासाठी तिथे झुंबड उडे. ज्यांनी जन्मात स्वतःच्या पैशाने काही घेतले नव्हते, त्यांची ही पहिली खरेदी होती. याशिवाय शिवणकाम, आजाऱ्यांच्या झोपड्यांत फेरी, उत्तरेकडून पेट्या भरून येणाऱ्या जुन्या कपड्यांचे वाटप हीदेखील कामे होती. हे कपडे फुकट द्यावेत की विकावेत, यावर शिक्षक मंडळींत गंभीर वाद झाला. फुकट दिल्यास लोक परावलंबी होतील, ही भीती. कित्येक पिढ्यांचे श्रम ज्यांच्याकडून फुकट घेतले गेले, त्यांच्या परावलंबनाची ही चिंता आज वाचताना खटकते. टाउनबाईंच्या पत्रांत मात्र ती शुद्ध कर्तव्यबुद्धीने आलेली दिसते.

रविवारी प्रार्थना. त्याच वेळी, कधी कधी एकाच दिवशी अनेक जोडप्यांची, लग्ने लागत. यांतली बरीच जोडपी वर्षानुवर्षे एकत्र राहत होती. मालकाच्या मर्जीवर मोडणाऱ्या त्यांच्या संसाराला आता पहिल्यांदाच मान्यता मिळत होती. मिशनरी या विधीकडे नीतीची स्थापना म्हणून पाहत. त्या जोडप्यांना मात्र आपला जोडीदार यापुढे कोणी विकणार नाही, याची हमी त्यात दिसत असावी, असे अनुमान आम्ही करतो.

नावांविषयीही असेच झाले. याच परिसरात १८६४ पासून शिकवणाऱ्या एलिझाबेथ बोट्यूम यांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हजेरी घेताना उडणाऱ्या गोंधळाचे वर्णन आहे. एकच मूल आज एक नाव सांगे, उद्या दुसरे. शिक्षिकेला हा बेशिस्तपणा वाटे. पण घरातले लाडके नाव, मालकाने लावलेले नाव आणि स्वातंत्र्यानंतर स्वतः निवडलेले नाव अशी अनेक नावे त्या समाजात एकाच वेळी नांदत होती. कोणत्या प्रसंगी कोणते नाव सांगायचे, याचे नियम हजेरीपटाला ठाऊक नव्हते.

शिक्षिकांच्या ऐकण्याच्या मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या भाषेच्या आणि गाण्याच्या बाबतीत. बेटावरचे लोक जी बोली बोलत तिला गल्ला म्हणतात. गोऱ्या शिक्षिकांना ती मोडकेतोडके इंग्रजी वाटली. फोर्टन यांनाही ती विचित्रच वाटली. तिच्यात पश्चिम आफ्रिकेतील अनेक भाषांचे शब्द आणि रचना टिकून आहेत, हे लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने सविस्तर दाखवून दिले ते १९४९ साली. रात्री प्रार्थनेनंतर गोल रिंगणात पाय घासत, टाळ्या वाजवत केल्या जाणाऱ्या 'शाउट' या उपासनेविषयी टाउनबाईंचा पहिला अभिप्राय रानटीपणाचा होता. मूर्तिपूजेचा अवशेष असावा, असे त्यांना वाटले. फोर्टन यांनीही आपल्या प्रकाशित लेखात ही प्रथा आफ्रिकी पूर्वजांकडून आलेली आणि ख्रिस्ती शिकवणीबरोबर नाहीशी होणारी म्हणून सांगितली. ती नाहीशी झाली नाही. उलट ज्या गाण्यांवर ती चाले, त्यांतली कित्येक गाणी याच बेटांवर टिपली गेली आणि १८६७ साली ॲलन, वेअर व गॅरिसन यांच्या 'स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स' या संग्रहात आली. अमेरिकेच्या कृष्णवर्णीय संगीताचा अभ्यास आजही या ग्रंथावाचून सुरू होत नाही. मिशनरी मंडळींनी जे मरणार म्हणून नोंदवले, ते त्यांच्याच नोंदींमुळे अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

फोर्टन यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट निराळी आहे. १८६२ च्या नोव्हेंबरमधील एका नोंदीत त्या सांगतात की, मुलांना आज तूसाँ लूव्हर्त्यूरची गोष्ट सांगितली. हैतीतील गुलामांच्या उठावाचा हा नेता. आपल्याच वर्णाच्या एका माणसाने आपल्या लोकांसाठी काय केले ते यांना कळावे, असा हेतू त्या नमूद करतात. ठरीव पाठ्यक्रमात न बसणारा हा धडा त्यांनी स्वतःहून दिला. बेटावरच्या लोकांनी मात्र त्यांना लगेच आपले मानले नाही. ही सावळी मुलगी कोण, कुठली, असे प्रश्न टाउनबाईंना विचारले जात होते. गोऱ्या बाईचे काम करणे सवयीचे होते. आपल्यासारख्या दिसणाऱ्या बाईने बाई म्हणून येणे नवे होते. फोर्टन दोन्हीकडून थोड्या परक्याच राहिल्या. त्यांच्या एकटेपणाचे उल्लेख रोजनिशीत विखुरलेले आहेत.

हेच उल्लेख त्यांच्या प्रकाशित लेखात सापडत नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा फरक बारकाईने पाहावा, असे आम्ही सुचवू. 'द अटलांटिक मंथली' या मासिकात मे आणि जून १८६४ मध्ये त्यांचा 'लाइफ ऑन द सी आयलंड्स' हा लेख दोन भागांत आला. व्हिटियर यांच्या शिफारसपत्रासह तो संपादकांकडे गेला होता. प्रसंग बरेचसे तेच: होडी, गाणे, शाळा, नाताळ, मुक्तीचा दिवस. पण लेखातली 'मी' ही उत्तरेच्या सुशिक्षित वाचकाशी बोलते. 'हे लोक' असा उल्लेख वारंवार येतो. हा वाचक अजून साशंक आहे, त्याला पटवायचे आहे, याचे भान प्रत्येक परिच्छेदात जाणवते. रोजनिशीत आजारपण आहे, डोकेदुखी आहे, आपण पुरेसे उपयोगी पडत नाही ही टोचणी आहे, सैन्यातील एका डॉक्टरांविषयीची हळवी ओढ आहे. ही रोजनिशी प्रथम १९५३ साली रे ॲलन बिलिंग्टन यांनी संपादित करून छापली. संपूर्ण स्वरूपात ती ब्रेंडा स्टीव्हन्सन यांच्या संपादनाने १९८८ मध्ये आली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे जगाला फोर्टन यांची फक्त सभेतली बाजू ठाऊक होती.

१ जानेवारी १८६३ हा दिवस दोन्हीकडे आहे. कॅम्प सॅक्स्टन या छावणीत कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीसमोर लिंकन यांचा मुक्तिजाहीरनामा वाचला गेला. वाचणारे ब्रिस्बेन हे याच भागातले, एके काळी स्वतः गुलाम बाळगणारे आणि नंतर त्यांना मुक्त करणारे गृहस्थ. कर्नल हिगिन्सन यांनी निशाण हाती घेतले, आणि कार्यक्रमात नसताना समोरच्या कृष्णवर्णीय लोकांतून देशगीत सुरू झाले. व्यासपीठावरील काही गोऱ्या पाहुण्यांनी त्यात सूर मिसळला तेव्हा हिगिन्सन यांनी त्यांना थांबवले. हा क्षण त्या गाणाऱ्यांचा आहे आणि तो त्यांच्याकडेच राहिला पाहिजे, हे त्यांना उमगले. मिशनच्या साऱ्या इतिहासात गप्प राहण्याचा इतका योग्य निर्णय फारसा आढळत नाही.

सहा महिन्यांनी, १८ जुलै रोजी, फोर्ट वॅग्नरवरच्या हल्ल्यात मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीचे अतोनात नुकसान झाले. कर्नल शॉ पडले. थोड्याच दिवसांपूर्वी फोर्टन यांची त्यांच्याशी भेट झाली होती. ब्यूफर्टच्या इस्पितळात जाऊन त्यांनी जखमी सैनिकांसाठी पत्रे लिहिली आणि गोळ्यांनी, संगिनींनी फाटलेले डगले शिवले. अक्षर आणि सुई ही दोन्ही साधने इथे एकाच कामी आली.

येथपर्यंतचा वृत्तान्त वाचून मिशनचा गौरव करावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण दिनक्रमाच्या या नोंदींत एक प्रश्न सतत पायात येतो: जमीन. लोकांना मका आणि रताळी लावायची होती, कारण ती खाता येतात. सरकारला आणि मळ्यांवर देखरेख करणाऱ्यांना कापूस हवा होता. काही मळ्यांवर लोकांनी सरकी काढण्याची यंत्रेच मोडून टाकली होती. मजुरी महिनोन्‌महिने थकत होती. १२ मे १८६२ रोजी जनरल हंटर यांच्या हुकमाने धडधाकट पुरुषांना शेतातून उचलून सैन्यात नेण्यात आले. टाउनबाईंनी त्या दिवसाचे जे वर्णन केले आहे, त्यात बायकांचा आक्रोश आहे आणि मिशनच्याच माणसांना या कामी सहकार्य करावे लागल्याची लाज आहे. स्वातंत्र्याचे धडे देणाऱ्यांवर लोकांनी किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला.

पुढे कर थकल्याच्या कारणावरून सरकारने मळे लिलावात काढले. मार्च १८६३ च्या विक्रीत गावकऱ्यांनी पैसे एकत्र करून सुमारे दोन हजार एकर जमीन घेतली. त्याच विक्रीत एडवर्ड फिलब्रिक या गिदोन-मंडळींतल्याच बोस्टनच्या गृहस्थाने भांडवलदारांच्या साहाय्याने अकरा मळे घेतले. मुक्त मजुरी फायद्याची ठरते हे त्यांना दाखवायचे होते, आणि ते त्यांनी दाखवलेही. वर्षअखेरीस लिंकन यांच्या आदेशाने लोकांना सव्वा डॉलर एकर दराने आपापल्या कसत्या जमिनीवर हक्क सांगण्याची मुभा मिळाली. लोकांनी विटांच्या चर्चमध्ये जमून ती बातमी ऐकली, दावे गुदरले, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. त्याच वर्षी सेंट हेलेनाच्या काही रहिवाशांनी फिलब्रिक यांच्याविरुद्ध तक्रार मांडणारा अर्ज थेट लिंकन यांच्या नावे केला. अर्ज कसा करतात, कोणाला करतात, सहीचे मोल काय, हे त्यांना समजत होते. शाळेच्या इमारतीत जमून जमिनीवर हक्क सांगणाऱ्या या लोकांना अक्षर कशासाठी हवे होते, याचे उत्तर आम्हांला इथे मिळते.

या बेटाची पुढची हकिकत तुलनेने बरी आहे. जनरल शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या हुकमाने अन्यत्र दिलेली बरीच जमीन अध्यक्ष जॉन्सन यांच्या धोरणामुळे जुन्या मालकांकडे परत गेली. सेंट हेलेनावर मात्र करविक्रीतून झालेले व्यवहार टिकले आणि छोट्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती तिथे रुजली. टाउनबाई १९०१ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांची 'पेन स्कूल' १९४८ पर्यंत शाळा म्हणून चालली, पुढे सामाजिक केंद्र झाली. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी तिथे बैठकांसाठी येत. फोर्टन प्रकृतीच्या कारणाने मे १८६४ मध्येच परतल्या. त्याच्या आदल्या महिन्यात सैन्यात भरती झालेले त्यांचे वडील विषमज्वराने गेले होते.

इतिहासकारांनी या शिक्षिकांचे चित्र अनेकदा बदलले आहे. १९०३ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी न्यू इंग्लंडच्या शिक्षिकांना कृतज्ञतेने वंदन केले. १९४१ साली हेन्री स्विंट यांनी त्यांना लुडबुड्या ठरवले. १९६४ मध्ये विली ली रोझ यांनी पोर्ट रॉयलचा प्रयोग तोलून मांडला. रोनाल्ड बुचर्ट यांनी २०१० मध्ये हजारो शिक्षकांच्या माहितीवरून दाखवले की, मुक्त झालेल्यांना शिकवणाऱ्यांत एक तृतीयांशाहून अधिक शिक्षक स्वतः कृष्णवर्णीय होते. उत्तरेची गोरी तरुणी ही जी प्रतिमा आपल्या मनात ठसली आहे, ती अपुरी आहे. सूझी किंग टेलर यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सव्हाना शहरात चोरून वाचायला शिकलेली ही गुलाम मुलगी १८६२ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, सेंट सायमन्स बेटावर मुलांना शिकवू लागली. पुढे हिगिन्सन यांच्या पलटणीतल्या सैनिकांनाही तिने शिकवले. १९०२ साली तिने आपल्या आठवणी स्वतः प्रसिद्ध केल्या. मिशनची बोट येण्याआधी दक्षिणेत शिक्षण नव्हते, या समजुतीला तिचे पुस्तक हे सरळ उत्तर आहे.

येथे एका मराठी दुव्याचा उल्लेख आवश्यक वाटतो. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण सारे जाणतो. त्या अर्पणपत्रिकेतील 'सदाचारी लोक' कोण, त्यांचा रोजचा दिवस कसा होता, त्यांना काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हे पाहण्यासाठी फोर्टन आणि टाउन यांच्या नोंदी उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फुले यांच्या शाळेतील मुक्ताबाई या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. म्हणजे अमेरिकन मिशनच्या मराठी नियतकालिकात विद्यार्थिनीचा आवाज विद्यार्थिनीच्याच शब्दांत उमटला. फोर्टन यांच्या लेखनात विद्यार्थ्यांची नावे आहेत, त्यांच्या खोड्या आहेत, त्यांची गाणी आहेत. त्यांचा युक्तिवाद मात्र नाही. तो शोधायचा तर शिक्षिकेच्या अभिप्रायाकडून त्यांच्या कृतीकडे वळावे लागते. तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेत येणे, आज एक तर उद्या दुसरे नाव सांगणे, कापसाऐवजी मका मागणे, चर्चमध्ये जमून जमिनीचा दावा गुदरणे ही त्यांची विधाने होत.

मिशनरींच्या रोजनिशा, पत्रे आणि अहवाल आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांचे लेखक सदाचारी होते की साम्राज्याचे हस्तक होते, एवढ्याच प्रश्नाभोवती आपली चर्चा बहुधा घुटमळत राहते. त्या प्रश्नाचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. परंतु हीच पाने उलटताना शिक्षिकेला कंटाळा कशाचा आला, कोणत्या गोष्टीचा तिला अर्थ लागला नाही, कोणत्या वागण्याला तिने हट्ट म्हटले, अशा जागी थांबून पाहावे. शिकायला आलेल्या माणसांचे म्हणणे बहुतेक वेळा तिथेच सापडते.